चक्राच्या पंपापेक्षा साधा हापसा का बरा

आफ्रिकेतल्या शाळेच्या अंगणात मुलं गोल चक्रावर खेळतायत आणि त्या फेऱ्यांनी बोअरचं पाणी उंच टाकीत चढतंय. असे व्हिडिओ ‘गावोगावी हेच बसवा’ म्हणत अजून फिरतात. हा ‘प्लेपंप’. 2006 मध्ये अमेरिकेत त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलर जाहीर झाले आणि 2010 पर्यंत 4,000 पंपांचं लक्ष्य ठरलं. लक्ष्य गाठण्याआधीच मोहीम गुंडाळली गेली. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण दावे टिकणारे नव्हते.

‘मुलांच्या खेळातून गावाचं पाणी भागतं.’
हिशेब करा. एक पंप 2,500 माणसांना पुरेल असं सांगितलं जाई. माणशी रोज 15 लिटर, म्हणजे आपत्तीच्या वेळचं किमान प्रमाण धरलं, तरी 37,500 लिटर होतात. पंपाची क्षमता तासाला 1,400 लिटर, तीही मिनिटाला 16 फेऱ्या सतत पडल्या तर. म्हणजे दिवसाचे जवळजवळ 27 तास चक्र फिरायला हवं! शिवाय खेळातलं चक्र एकदा ढकललं की सुटं फिरतं, मजा त्यातच असते. इथे प्रत्येक फेरीला पाणी उचलायचं असल्याने ते लगेच मंदावतं आणि मुलं दमून उतरतात. मग मोझांबिकमध्ये बायकांना वाकून ते हाताने फिरवावं लागलं.

‘काहीच नसण्यापेक्षा बरं.’
कित्येक ठिकाणी आधी चालता हापसा होता. बोअर एकच, म्हणून तो काढून चक्र बसवलं. ते बिघडलं की भाग जवळच्या बाजारात मिळत नाहीत आणि हापसा दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते उघडता येत नाही. किंमत सुमारे 14,000 डॉलर. पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या वॉटरएड संस्थेच्या मते हातपंपाच्या चौपट.

‘देखभालीचा खर्च टाकीवरच्या जाहिरातींतून निघतो.’
आडगावात जाहिरात देणार कोण? अनेक फलक कोरेच राहिले.

‘भारतातही असं काही आणायला हवं.’
बाहेरचा आयता पंप आपल्याकडे येऊन गेलाय. 1967 च्या दुष्काळानंतर कठीण खडकात बोअर झाले आणि त्यांवर पाश्चात्त्य शेतघरांच्या धर्तीचे बिडाचे पंप बसले. एका कुटुंबासाठी आखलेला पंप शेकडो माणसं दिवसभर मारू लागली, तेव्हा दांड्याच्या खिळी झिजल्या, बीड तडकलं. 1974 च्या सुमारास युनिसेफच्या पाहणीत सुमारे पाऊण हिस्सा पंप बंद सापडले. तोड निघाली ती जालना आणि सोलापूरच्या ख्रिस्ती मिशनच्या कार्यशाळांत. सोलापूरच्या पंपावरूनच इंडिया मार्क दोन हा हापसा घडला: दांड्याला एकच कणा, त्यात बॉल बेअरिंग, आणि बोअरमधल्या दट्ट्याची सळई सरळ वर-खाली जावी म्हणून साखळी. तरी दट्ट्याचा वॉशर बदलायला सगळे पाइप वर काढावे लागत. मार्क तीनमध्ये पाइप रुंद केला, त्यामुळे दट्ट्या पाइपातूनच वर येतो.

पंप देणाऱ्याने आधी एवढं विचारावं: वॉशर आणि साखळी तालुक्याच्या बाजारात मिळते का, गावात पाइप उचलायची अवजारं आणि ती वापरणारा माणूस आहे का, आणि दरवर्षी वॉशर बदलायचे पैसे कोण भरणार?