बुरशीचे शेंगदाणे मावशीच्या लेकरांना कशाला?

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहायलेय.

आमच्याच गल्लीत एका ताईंच्या डब्यातल्या शेंगदाण्यांना हिरवट-पिवळी बुरशी धरली. त्यांनी ते पुसले, पुडकं बांधलं अन् भांडे घासायला येणाऱ्या मावशीला दिलं, म्हणे धुऊन भाजून घे, काय होत नाही. मावशी लेकरांना चटणी करायला खुशीत घेऊन निघाली होती. मी अडवलं तर मलाच ऐकवलं, अन्न पूर्णब्रह्म असतं म्हणे!

मग तुमच्या लेकराच्या डब्यात घाला ना ती चटणी.

शेंगदाण्यावरच्या, मक्यावरच्या असल्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, ते लिव्हर खातं, अन् धुऊन भाजून सगळं जात नाही. १९७४ ला राजस्थान-गुजरातकडच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं गेली. गरिबाघरचीच. दुसरं खायला नव्हतं म्हणून खाल्ला त्यांनी.

आमची आजी शाळेत गेली नव्हती, पण ज्वारी कणगीत भरायच्या आधी दाणा दाताखाली धरायची. कट्टकन वाजला तर भरा, नुसता दबला तर परत उन्हात. आम्ही लै वैतागायचो. पण सगळा खेळ ओलीचाच आहे हो, बुरशीचं बी हवेत सगळीकडं असतंच, पाणी मिळालं की रुजतं, नाही मिळालं की पडून राहतं. आपण गरम पोळ्या डब्यात कोंबून झाकण दाबतो, वाफेचं पाणी होतं अन् पोळीवरच गळतं. लोणच्यात बी पाणी असतंच की, पण मीठ ते धरून ठेवतं, बुरशीला मिळू देत नाही, म्हणून तर ओला चमचा घातला की आजी ओरडायची.

मोंढ्यात सोयाबीनचं मॉइश्चर १२ च्या वर गेलं की लगेच भाव पाडतात, शेतकऱ्याला रडवतात. तिथं मशीन लावून ओल मोजायची अन् कामवाल्या बाईला द्यायचं म्हटलं की काहीबी चालतं?

हां, सगळीच बुरशी विषारी नसते, पेनिसिलीन बी त्यातूनच आलं, मान्य. पण नुसतं बघून कोणती कसली ते कुणाला कळतंय?

अन् महागाई मला बी कळते, किलोभर दाणे टाकताना जीव तुटतो. एका साली परतीच्या पावसात आमच्या भुईमुगाच्या शेंगा भिजल्या, आजीनं दाणा दाताखाली धरला अन् थुंकला. पोतंच्या पोतं खड्ड्यात पुरलं, गुरांपुढं सुद्धा टाकू दिलं नाही. हे विष गाईच्या दुधात उतरतं हे मी आता वाचलं, तिला तेव्हा कसं कळलं होतं देव जाणे. त्या साली पैशाची लै ओढाताण होती, तरी पुरलं. आज तिची लै आठवण आली.

घरातले शेंगदाणे, खोबरं, मिरच्या आजच बघून घ्या. कुबट वास आला तर पिशवीत बांधून टाकून द्या, अन् चांगलं असेल ते कोरड्या डब्यात भरा, भिंतीला अन् फरशीला चिकटवून ठेवू नका.

ताई, तुम्ही बी हे वाचाल. राग आला तर येऊ द्या, पण मावशीला परत असलं काही देऊ नका.