समुद्राचं पाणी समुद्रात मिसळतंच

व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी तो मजकूर परत येतो. सोबत फोटो: एका बाजूला गढूळ हिरवट पाणी, दुसऱ्या बाजूला गडद निळं, मधे फेसाची रेघ. खाली लिहिलेलं असतं, 'हे दोन महासागर कधीच मिसळत नाहीत. दोघांची घनता वेगळी, म्हणून मधे अदृश्य भिंत आहे. आपला अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागरही असेच वेगळे राहतात. विज्ञानाकडे याचं उत्तर नाही.' यातलं घनतेचं निरीक्षण तेवढं खरं आहे. त्यावरून काढलेलं बाकी सगळं चुकीचं आहे.

आधी फोटो. सर्वांत जास्त फिरलेला फोटो अलास्काच्या आखातातला, २००७ सालचा. सागरशास्त्रज्ञ केन ब्रुलंड तिथे संशोधन-मोहिमेवर होते. ती रेघ दोन महासागरांमधली नव्हेच. हिमनद्यांनी खडक दळून केलेली बारीक पूड नद्या आखातात आणून सोडतात, ते गढूळ पाणी आणि पॅसिफिकचंच निळं पाणी तिथे समोरासमोर येतं. अशी सीमा एका जागी राहत नाही आणि ही पाणी शेवटी मिसळतात, हे स्वतः ब्रुलंड यांनीच स्पष्ट केलं आहे.

आता 'भिंत'. घनता ठरते उष्णतेवर आणि मिठावर. गार पाणी जड, खारं पाणीही जड. आणि जड पाणी वर आलं की ते खाली बुडतं, खालचं वर येतं. म्हणजे घनतेतला फरक पाण्याला थोपवतोच असं नाही, अनेकदा तोच ढवळतो. उत्तर अरबी समुद्रात हे दर हिवाळ्यात घडतं. जमिनीवरून येणारं कोरडं गार वारं पृष्ठभाग थंड करतं, बाष्पीभवन वाढवतं, मागे मीठ उरतं. दोन्ही कारणांनी जड झालेलं पाणी बुडतं आणि वरचा थर सुमारे शंभर मीटरपर्यंत घुसळून निघतो. खालची पोषकद्रव्यं वर येतात, वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फोफावतात, त्यावर पुढची सगळी अन्नसाखळी. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे १९९६ साली मांडलं.

बंगालच्या उपसागरात मात्र असं होत नाही, आणि इथे मजकुराच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी: थर खरंच टिकतात. गंगा-ब्रह्मपुत्रेचं आणि पावसाचं गोडं पाणी वर पसरतं. हिवाळ्यात उत्तरेकडे हा वरचा थर खालच्यापेक्षा गार होतो, तरीही बुडत नाही, कारण त्यात मीठ कमी. उबदार पाण्यात दर किलोमागे एक ग्रॅम मीठ कमी-जास्त झालं, तर घनतेत जो फरक पडतो, त्यासाठी तापमान दोन अंशांहून जास्त बदलावं लागतं. म्हणून तिथे मीठ जिंकतं. पण हा थर वर-खाली असतो. दोन समुद्रांमधे उभी असलेली भिंत ती नव्हे.

आडवं तर दोन्हीचं पाणी सर्रास ये-जा करतं. पावसाळ्यात श्रीलंकेच्या दक्षिणेकडून अरबी समुद्राचं खारं पाणी उपसागरात शिरतं. हिवाळ्यात उलट, उपसागरातलं कमी खारं पाणी केरळच्या किनाऱ्यापाशी पोचतं. कन्याकुमारीला उभं राहून पाण्यात वेगवेगळे रंग दिसले तर त्यामागे खोली, वाळू आणि आकाश आहे.

उरलं 'विज्ञानाकडे उत्तर नाही'. थराच्या सीमेवरचं मिसळणंही शास्त्रज्ञांनी उलगडलं आहे. गरम खारं पाणी वर आणि गार कमी खारं खाली असलं, की उष्णता मिठाच्या सुमारे शंभरपट वेगाने झिरपते. वरच्या पाण्याची ऊब जाते, मीठ मात्र तसंच राहतं, त्यामुळे ते जड होऊन बारीक बोटांसारख्या धारांनी खाली उतरतं. या परिणामाची मांडणी सागरशास्त्रज्ञ हेन्री स्टोमेल आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली केली, आणि १९६० साली मेल्व्हिन स्टर्न यांनी या धारांचा सिद्धांत दिला. हे घरी दिसतं. उंच काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत साधं गार पाणी घ्या. दुसऱ्या ग्लासात चांगलं कोमट पाणी, चिमूटभर मीठ आणि दोन थेंब खाण्याचा रंग. चमच्याच्या पाठीवरून हे अगदी हळू वर ओता. आधी रंगीत थर वर तरंगतो, आणि थोड्या वेळात त्यातून रंगाच्या बारीक धारा खाली उतरू लागतात.