फरक १,८०० रुपयांचा

गेल्या आठवड्यात एक मुलगी माझ्या अकाउंट-ऑडिटच्या ऑफिसला आली. बी.कॉम. नुकतंच झालेलं, फर्स्ट क्लास, हातात टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीच्या क्लासचं सर्टिफिकेट. वडील इथेच इचलकरंजीत यंत्रमागावर आहेत. "सर, काहीही काम द्या, करते," म्हणाली. मी तिला एका सायझिंगवाल्यांचं (सुताला खळ देणाऱ्यांचं) बँक स्टेटमेंट आणि टॅलीतलं बँकेचं खातं काढून दिलं. न वटलेले चेक वगैरे सगळं धरूनही पुस्तकातली शिल्लक बँकेपेक्षा १,८०० रुपयांनी जास्त येत होती.

तासाभराने ती समोर येऊन उभी राहिली. "सर, १,८०० सस्पेन्सला टाकू का?" सस्पेन्स म्हणजे न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायचं खातं.

तिला खुर्ची दिली आणि विचारलं, १,८०० ला ९ ने भाग जातो का? जातो. म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी. भागाकार २०० आला, म्हणजे हजाराच्या आणि शेकड्याच्या घरातले आकडे उलटले असतील आणि त्या दोघांत २ चा फरक असेल. आता तेवढंच शोध. दहा मिनिटांत सापडलं. ५,३२० चा चेक ३,५२० ने टाकलेला. तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू! तीन वर्षांत हे कुणी सांगितलं नाही, म्हणाली.

मला त्या मुलीबद्दल अजिबात तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या शिकवण्याबद्दल. अकरावी-बारावीला पुस्तपालन व लेखाकर्म शिकतो, कीर्द, खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींची यादी), ताळेबंद सगळं पाठ होतं, आणि तरी बी.कॉम. झालेल्या पोराने खरं व्हाउचर हातात धरलेलं नसतं. पुस्तकातल्या गणितात तेरीज जुळतेच, कारण पुस्तकवाल्याने ती जुळेल अशीच दिलेली असते. धंद्यात ती जुळत नाही. का जुळत नाही हे शोधून काढणं हेच तर आपलं काम!

दुसरं दुखणं घरात आहे. कॉमर्स घेतलं की "मग सीए करणार का?" हा एकच प्रश्न. सीए जरूर करा, अभ्यासाची ताकद आणि घरचा आधार असेल तर नक्की करा. बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन या पहिल्या परीक्षेशिवाय थेट इंटरला, म्हणजे मधल्या टप्प्याला जाता येतं, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आता तीनाऐवजी दोन वर्षांची झाली आहे. पण प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये (पेपरांच्या गटात) एकूण ५० टक्के ही अट भल्याभल्यांना अडवते. मलाही अडवलं. तीन वेळा एका ग्रुपला बसलो, तिन्ही वेळा एकूण टक्केवारीत गेलो. त्या दोन वर्षांत कुणाच्या लग्नाला जायचं म्हटलं तरी नको वाटायचं, कारण पाहुणे "निकाल काय?" हेच विचारणार. माझ्या मते किती प्रयत्न करायचे हे पहिल्या प्रयत्नाआधीच ठरवावं आणि घरच्यांना सांगून ठेवावं. पंचविशीतल्या पोरांना चार-चार वर्षं खोलीत कोंडून घेतलेलं मी बघितलंय. ते बघवत नाही.

मी मग जी.डी.सी. अँड ए. केलं. शासनाची सहकार आणि लेखा विषयातली पदविका, सहकार खातं दरवर्षी साधारण मे महिन्यात परीक्षा घेतं. मराठीतून देता येते. महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त सहकारी संस्था आहेत. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था, आणि त्यांचं दरवर्षी लेखापरीक्षण व्हावंच लागतं. पदवी, ही पदविका आणि अनुभव असला की लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर येता येतं. इतका आपल्या मातीतला रस्ता, आणि कॉमर्सच्या शंभर पोरांत पाचांनाही माहीत नसतो.

या कामात मला खरं ऑडिट शिकवलं ते एका भाजीवालीच्या पासबुकाने. एका पतसंस्थेचं पिग्मी खातं, म्हणजे एजंट रोज थोडे थोडे पैसे गोळा करतो ती बचत, तपासत होतो. लेजर, एजंटची यादी, रोजमेळ, सगळं तंतोतंत. माझे ज्येष्ठ म्हणाले, आता मंडईत चल. पन्नास पासबुकं बघायची. सत्ताविसावं पासबुक एका आजींचं. पासबुकावर १४,३०० जमा, संस्थेच्या लेजरला ११,८००. एजंट पासबुकावर सही करत होता आणि काही दिवसांचे पैसे भरतच नव्हता. आजींनी विचारलं, "माझं पैसं हाईत न्हवं?" तो प्रश्न मी विसरलेलो नाही. कॉम्प्युटरवर सगळं जुळलेलं होतं. फरक मंडईत होता.

म्हणून सॉफ्टवेअर येतं एवढ्यावर नोकरी टिकेल असं समजू नका. टॅलीत एफ-५ दाबलं की पेमेंट, एफ-७ दाबलं की जर्नल, हे आठ दिवसांत येतं. बँक स्टेटमेंट आता थेट टॅलीत ओढता येतं, ५ कोटींच्या वर उलाढाल असली की बी-टू-बी (एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला दिलेल्या) बिलांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, आहे. नुसत्या एंट्र्या मारणाऱ्याचं काम कमी होत जाणार, मला तर रोज दिसतंय. उरणार ते समजून बघणाऱ्याचं. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या गावात ४५ दिवसांच्या पेमेंटच्या नियमावरून केवढी धावपळ झाली! सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी आयकरात मिळणार नाही, म्हणून व्यापारी घाबरलेले. एका पेढीवरच्या साध्या बी.कॉम. अकाउंटंटने बसून प्रत्येक पुरवठादाराचं उद्यम सर्टिफिकेट (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) उघडलं आणि कोण उत्पादक, कोण नुसता व्यापारी हे वेगळं केलं. पुरवठादार नुसता व्यापारी असेल तर त्याच्या पैशांना तो नियम लागू नाही. यादी निम्म्याहून कमी झाली. मालकाने त्याला पुढच्याच महिन्यात पगारवाढ दिली.

बाकी रस्तेही आहेतच. आकड्यांपेक्षा कारखान्यात रमणाऱ्याने सीएमए (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) बघावं, साखर उद्योग तर कॉस्ट ऑडिटच्या, म्हणजे उत्पादन खर्चाच्या तपासणीच्या नियमांत येतो. स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतील तर एमपीएससीतून राज्य कर निरीक्षक किंवा वित्त व लेखा सेवा. कॉमर्सच्या पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर (इतरांची जीएसटीची कामं करून देणारा) म्हणून नोंदणी करून परीक्षा देता येते. कुठेही गेलात तरी एक्सेल नीट शिका, पिव्होट टेबलला घाबरू नका. कायदा मूळ वाचायची सवय लावा, व्हॉट्सअॅपवर फिरणारा सारांश वाचून क्लायंटला उत्तर देऊ नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू आहे. १९६१ च्या कायद्याची कलमं तोंडपाठ असलेल्या आम्हा जुन्यांनाही पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागली आहे. नव्या मुलांनी ही संधी समजावी, कारण इथे सगळे एकाच रेषेवर उभे आहेत.

आणि मराठी माध्यमाचा न्यूनगंड तेवढा सोडा. मंडईतल्या त्या आजींशी मला इंग्रजीत बोलता आलं नसतं.

ती मुलगी सोमवारपासून येते आहे. पगार सध्या कमी आहे, तो मी तिला आधीच स्पष्ट सांगितला. पहिलं काम म्हणून बँकेचं खातं तिलाच दिलंय, सस्पेन्स न वापरता. जी.डी.सी.च्या अभ्यासाबद्दल कुणाला विचारायचं असेल तर मेसेज करा, पोरांना घेऊन ऑफिसला या. फक्त २० तारखेनंतर या, तोवर थ्री-बीची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची गडबड असते आणि मला नीट बसून बोलता येत नाही.