समुद्र लांब आहे म्हणूनच रॅक पाहिजे: त्या फॉरवर्डला उत्तर

सर्फबोर्डच्या रॅकबद्दल एक मेसेज फिरून राहिला आहे, नागपुरातल्या स्विमिंगच्या, सायकलिंगच्या, ट्रेकिंगच्या सगळ्या ग्रुपवर येऊन पडला असेल, तुम्हीही वाचला असेल. त्याचा सारांश असा. नागपूरपासून समुद्र सातआठशे किलोमीटर, वर्षातून एकदोनदा जाणार, त्यासाठी रॅकवर पैसे घालणं म्हणजे वेडेपणा. टपावर जाड चादर टाका, बोर्ड ठेवा, ट्रकवाले वापरतात ते दोन रॅचेट पट्टे दारातून घालून कचकचीत आवळा, झालं. फारच हौस असेल तर टपावर रेल, म्हणजे दोन्ही कडांनी लांबीत जाणारी दांडी, असतेच, तिला बांधा. रॅक लावला की उलट चालान फाटते. आणि घरी आल्यावर बोर्ड गच्चीवर नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये उभा टेकवून ठेवा, फायबरचाच तर आहे, त्याला काय होते.

मी दरवर्षी बोर्ड घेऊन इथून गाडीनं जातो, कधी विशाखापट्टणमकडे ऋषिकोंड्याला, कधी खाली महाबलीपुरमला, आणि ओळखीतल्या पोरापोरींचे बोर्ड बांधून देणं, दुरुस्तीला पाठवणं हे कामही आपसूक माझ्याकडे आलं आहे. म्हणून हा मेसेज वाचून खरंच वाईट वाटलं, कारण लोक त्यावर विश्वास ठेवून निघतात. एकेक मुद्दा घेतो.

समुद्र लांब म्हणून रॅक नको, हा हिशोबच उलटा आहे राजेहो. महाबलीपुरमचा माणूस बोर्ड काखेत मारून पायी समुद्रावर जाते, त्याला रॅक नसला तरी चालते. आपला बोर्ड पाण्यात किती राहतो? वर्षातले चार-आठ दिवस. बाकी सगळं आयुष्य त्याचं एकतर गाडीच्या टपावर जाते नाहीतर घरच्या भिंतीला. म्हणजे आपल्याकडे बोर्ड फुटतो तो लाटेनं नाही, रस्त्यानं आणि उन्हानं. हां, एक गोष्ट मात्र त्यांची बरोबर आहे, वर्षातून एकदाच जाणार असाल तर रॅकच काय, बोर्डही घेऊ नका, सर्फ स्कूलवाल्यांकडे भाड्यानं मिळतो, शिकणाऱ्यांसाठी मऊ फोमचा मिळतो आणि तोच बरा असतो. पण बोर्ड घेतलाच असेल तर रॅक हा त्याच खर्चाचा भाग आहे असं धरा.

आता चादर आणि पट्टा. शहरातल्या शहरात, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून बोर्ड सोडवला आणि वर्धा रोडनं हळूहळू घरी आणला, एवढ्यासाठी टपावर गादीसारखं काही टाकून बांधलं तर माझी तक्रार नाही. पण समृद्धीवर? तिथं कारला 120 ची परवानगी आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, आणि लोक इथंच फसतात कारण 60 वर बोर्ड हललाही नाही तर त्यांना वाटते बांधणं पक्कं आहे. 60 च्या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला साधारण 16 किलो, 120 ला तोच 65 च्या आसपास. नऊ फुटी लाँगबोर्डचं खालचं क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या वरच असते, वजन मात्र सहा-आठ किलो. सगळाच दाब त्याला उचलायला लागत नाही हे खरं, बोर्ड आडवा असतो, हवा वरून-खालून निघून जाते, पण पुढचं टोक थोडं वर उचललं गेलं, किंवा शेजारून कंटेनर गेला आणि त्याचा झोत बसला, की मग त्या सहा किलोच्या वस्तूला खाली धरून ठेवणारा फक्त पट्टा. चादर गुळगुळीत, टप गुळगुळीत, बोर्ड गुळगुळीत, धरायला काहीच नाही. टपावरून सुटलेला बोर्ड मागच्या बाईकवाल्याच्या छातीत जाईल, आपलं नुकसान तर सोडूनच द्या. माझा सगळ्यात जास्त राग ह्या मुद्द्यावर आहे.

रॅकचं काम काय तर टपाच्या आरपार दोन आडव्या दांड्या, क्रॉसबार म्हणतात त्यांना, गाडीच्या बॉडीला पक्क्या धरलेल्या, आणि बोर्ड त्या दांड्यांना बांधला जातो, दारांना नाही. दोन्ही दांड्यांमधलं अंतर शक्य तितकं जास्त ठेवायचं, दोन-अडीच फूट तरी पाहिजे, त्यापेक्षा कमी असलं की लांब बोर्ड तराजूसारखा डुलतो. दांड्यांवर पॅड. बोर्ड उलटा ठेवायचा, म्हणजे वॅक्सवाली बाजू (पाय घसरू नये म्हणून मेण लावतात ती, उभं राहायची) खाली, आणि फिन, म्हणजे बोर्डाच्या बुडाला शेपटीकडं असलेला पर, गाडीच्या पुढच्या बाजूला वर तोंड करून. हे पाहून रस्त्यात लोक सांगतात की भाऊ उलटा बांधला तुम्ही. उलटा नाही. हवा बोर्डाला मागं ढकलते, बोर्ड मागं सरकायला लागला तर फिन पुढच्या पट्ट्याला अडते आणि तो निसटत नाही. शिवाय असा ठेवला की नोजचा, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या टोकाचा, बाक मागं आणि खाली जातो, हवेला उचलायला टोक मिळत नाही. बॅगमध्ये घालून नेत असाल तर फिन काढून घ्या आणि पट्टे दोनदा तपासा.

कंपनी कोणतीही घ्या, थुले, याकिमाच पाहिजे असं मी म्हणत नाही. क्लॅम्प तुमच्या मॉडेलसाठीच बनलेला आहे ना एवढं पाहा, "सगळ्या गाड्यांना बसते" लिहिलेलं शक्यतो नको. ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी कॅरिअर करून घेण्याचा सल्लाही लोक देतात. ओम्नी, जिप्सीसारख्या गाडीला टपाच्या कडेनं गटर आहे, तिथं तो धरतो, पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. आताच्या बहुतेक गाड्यांना गटरच नाही, मग तो कॅरिअर दाराच्या पत्र्याला आकडे अडकवून बसवतात, रंग जातो, पाणी शिरते, गंज चढते आणि वजन एवढं की बोर्डापेक्षा कॅरिअरच जड.

रॅचेट पट्ट्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मेसेजमधली सगळ्यात नुकसान करणारी ओळ तीच आहे. रॅचेट हे हत्यार ट्रकवर मशीन, पाईप, लाकडं आवळायला बनवलं आहे. त्याचा दांडा चार वेळा वर-खाली केला की हाताला काही जाणवत नाही पण पट्ट्यावर शेकडो किलोचा ताण चढलेला असतो. बोर्ड म्हणजे काय, आत फोम आणि वरून फायबरग्लासचं पातळ कवच. मागच्या उन्हाळ्यात एका पोराचा बोर्ड माझ्याकडे आला, वरून चकाचक, तो म्हणे फक्त वॅक्स काढून द्या. दोन्ही कडांवर, बरोबर पट्टा गेला होता तिथं, बोटाएवढ्या रुंद खाचा होत्या, अंगठा फिरवला तरच समजणाऱ्या. उजेडात तिरपा धरला तेव्हा खाचेपासून बारीक तडे दिसले, कोळ्याच्या जाळ्यासारखे फुटलेले, आणि एका ठिकाणी तड्याभोवती चहाच्या डागासारखा पिवळा-तपकिरी वेढा. म्हणजे पाणी आत गेलेलं. आतला फोम ईपीएस असेल, आपल्या थर्माकोलच्या जातीचा, तर तो दाण्यांच्या फटींतून पाणी ओढत राहतो, बोर्ड जड होतो आणि वाळता वाळत नाही. पोराला वाटलं होतं समुद्रात दगड लागला. दगड नाही रे बाबा, पट्टा.

त्याच्याऐवजी कॅम बकलचा पट्टा घ्यायचा, एक इंच रुंद. त्यात पट्टा हातानं ओढायचा, बकलचे दात तो धरून ठेवतात, म्हणजे हातात जेवढा जोर तेवढाच ताण, बोर्ड चेपायची भीती खूप कमी. बकलवर रबराचं कव्हर असलेला घ्या, नाहीतर बकलच बोर्डावर आपटते. इतवारीत निवार पट्टी मिळते, ती मजबूत असते पण तिला बकल नसतो, गाठ मारावी लागते आणि गाठ रस्त्यात सैल होते, म्हणून ती नको. बंजी तर अजिबात नको, ताणली जाणारी दोरी म्हणजे बोर्डाला उडायची परवानगी. पट्ट्याला एकदोन पीळ द्या, सपाट पट्टा हवेत भणभण आवाज करतो, पीळ दिला की बंद. आणि निघाल्यावर पंधरावीस किलोमीटरवर थांबून पुन्हा ओढून पाहा, पहिल्यांदा बांधलेलं थोडं बसतेच. आमच्याकडे हैदराबादकडे निघालो की बुटीबोरीला गाडी बाजूला घेणं ठरलेलं आहे.

दारातून पट्टा घालण्याच्या पद्धतीत अजून एक गोष्ट मेसेजवाल्यानं सांगितली नाही. पाऊस लागला की पाणी पट्ट्यावरून चालत आत येते, आणि सीटवर टपटप सुरू. जुलैत निघालात तर हिंगणघाटपर्यंत मांडी ओली. टप पूर्ण कोरा असलेल्या सेडानसाठी किंवा भाड्याच्या गाडीसाठी फुगवायचे नाहीतर फोमचे सॉफ्ट रॅक मिळतात, त्यांनाही पट्टा दारातूनच जातो, ते मी नाकारत नाही, पण मग 80 च्या आत चालवा, पट्टा खिडकीतून नाही तर दार उघडून चौकटीतून घ्या आणि आत येण्याआधी त्याला खाली एक झोळ सोडा म्हणजे पाणी बाहेरच गळते.

रेलला बांधा म्हणणाऱ्यांना विनंती, आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. आजकाल बऱ्याच छोट्या एसयूव्हींवर रेल ही निव्वळ शोभेची असते, आणि तसं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असते. ज्या गाडीची रेल खरी आहे तिथंही टपावर किती वजन चालते तो आकडा दिलेला असतो, साधारण 50 ते 75 किलो, आणि त्यात क्रॉसबारचं स्वतःचं वजनही धरायचं असते. सनरूफ असेल तर ती उघडल्यावर दांडीला लागते का ते दुकानातच पाहून घ्या.

चालानचं काय? 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 194 चं पोटकलम 1अ आलं, गाडीतला माल बाजूनं बॉडीच्या बाहेर गेला, किंवा पुढं-मागं-उंचीत मर्यादेबाहेर गेला तर 20,000 रुपये दंड. म्हणजे प्रश्न बाहेर आलेल्या मालाचा आहे, आणि चादरीवर बांधलेला बोर्डच सरकून तिरपा होतो, क्रॉसबारवरचा जागेवर राहतो. मग दंडाची भीती कोणाला जास्त?

आता घर. गच्ची आणि पत्र्याचं शेड, हे नागपुरात काऊन सांगावं कोणी, मला समजत नाही. मे महिन्यात सावलीत 45 असते, पत्र्याखाली किती होत असेल ते कूलरशिवाय तिथं दहा मिनिटं बसून पाहा. ईपीएसच्या बोर्डात आतली हवा तापून फुगते आणि वरचं कवच फोमपासून सुटते, डेकवर, म्हणजे उभं राहायच्या बाजूवर, हाताच्या पंजाएवढे फोड येतात, दाबले की पोकळ लागतात. ते डिलॅमिनेशन, आणि त्याची दुरुस्ती महाग पडते. काही बोर्डांना हवा जायला छोटा व्हेंट असतो, तो स्क्रूचा असेल तर उन्हाळ्यात सैल करून ठेवा, पाण्यात उतरण्याआधी आठवणीनं आवळा. पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेन फोमचा, बोर्ड उन्हानं पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. हाच नियम ढाब्यावर थांबताना, बोर्ड चांदीसारख्या बॅगमध्ये, काळ्या नाही, आणि गाडी झाडाखाली. बंद गाडीच्या आत तर नकोच.

घरात भिंतीवरचा रॅक सगळ्यात चांगला, आणि इथं मात्र खरोखर पैसे वाचवता येतात, कारण हा रॅक सुतार किंवा तोच वेल्डिंगवाला मस्त करून देतो. दोन हात, टोकाकडं थोडे वर उचललेले, बोर्डाच्या लांबीच्या साधारण पाव भागावर एकेक, म्हणजे नऊ फुटी बोर्डाला दोन्ही हातांमध्ये साडेचार फूट. हातांवर एसीच्या कॉपर पाईपवर घालतात ते काळं इन्सुलेशन चढवा, आणि त्यावर जुनं सुती कापड गुंडाळा कारण उन्हाळ्यात ते रबर बोर्डाला चिकटते. खालच्या मजल्याची आतली भिंत पाहा, पश्चिमेची नको, ती संध्याकाळपर्यंत भाजत राहते. छताला टांगायचे पुलीवाले रॅक व्हिडिओत छान दिसतात, पण वरच्या मजल्यावर स्लॅबखालीच तर सगळी गरमी साचते, आपल्याकडे ते नको. भिंत नवीन एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची, असेल तर साधा प्लगस्क्रू पकडत नाही, त्यासाठीचे वेगळे फास्टनर सांगून घ्या. लाकडाचा करत असाल तर वाळवीचं औषध मारून घ्या, आणि समोर कूलर नको, ओल्या हवेनं बॅगला बुरशी येते. ठेवण्याआधी वॅक्स पूर्ण खरडून काढा, नाहीतर एप्रिलमध्ये तो वितळून भिंतीवर ओघळतो. उभाच ठेवायचा असेल तर खाली जाड रबर आणि वर अडकवायला पट्टा पाहिजे, टाईल्सवर नुसता टेकवलेला बोर्ड दार आपटलं तरी घसरतो आणि पडताना बरोबर टोकावर पडतो.

एकदम सगळं घेणं जमत नसेल तर आधी कॅम बकलचे दोन पट्टे, मग क्रॉसबार, भिंतीवरचा रॅक शेवटी, तोवर बोर्ड पलंगाखाली डेक खाली करून चादरीवर चालतो. आणि ज्यांनी तो मेसेज पुढं पाठवला आहे त्यांनी कृपया त्याच ग्रुपवर निदान एवढं लिहा, की रॅचेटची आणि गच्चीची ओळ चुकीची आहे, कारण दिवाळीच्या सुट्टीत बरेच जण निघतील.