किती छापलं यापेक्षा काय छापलं

वर्तमानपत्रं चित्रपटाला जितकी जास्त जागा देतील, तितकी प्रेक्षकांची उत्सुकता वाढते, असं एका लेखात वाचलं. मला हे अर्धंच पटतं. प्रदर्शनाच्या आठवड्यात कुठलीही पुरवणी उघडा: तोच प्रसिद्धीचा फोटो, "भूमिका आव्हानात्मक होती" हेच उत्तर, फक्त मथळा वेगळा. अशा मजकुराने नाव कानावर पडतं, फार तर पहिल्या शनिवार-रविवारची तिकिटं खपतात.

खरी ओढ लावते ती जीव ओतून लिहिलेली समीक्षा. १९६७ च्या 'बॉनी अँड क्लाइड' या अमेरिकी चित्रपटाचंच घ्या. न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी त्याला झोडपलं. मग समीक्षक पॉलीन केल यांनी न्यूयॉर्कर साप्ताहिकात त्याची बाजू घेत भलामोठा लेख लिहिला. न्यूजवीकच्या जो मॉर्गनस्टर्न यांनी तर आधी टीका केली आणि पुढच्याच अंकात आपलं मत चुकलं असं जाहीर लिहिलं! (असं धाडस किती समीक्षक करतील?) वर्षअखेरीस टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला, १९६८ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि तुफान चालला. निर्माता-नायक वॉरन बेटी यांनी पुन्हा प्रदर्शनासाठी स्टुडिओकडे लावलेला तगादाही त्यामागे होता, हे मान्य. पण लोकांत चर्चा पेटली ती या लेखांमुळे.

आता समीक्षेच्या वाट्याला कोपऱ्यातली चार बोटं जागा येते, त्यातही निम्मं कथानकच. संपादकांनी प्रदर्शनाआधीच्या मुलाखती कमी कराव्यात आणि ती जागा दुसऱ्या आठवड्यात, चित्रपट नीट बघून लिहिणाऱ्यांना द्यावी.