'म्हणून' लिहिलंत ना, मग ते सिद्ध करा

मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की दहा जण धावून येतात. 'म्हणून' चुकला तर कुणाला पत्ताही लागत नाही. माझ्या मते दुसरी चूक जास्त गंभीर आहे. वेलांटी चुकली तर शब्द वाईट दिसतो, एवढंच. 'म्हणून' चुकला तर जगात नसलेला कार्यकारणभाव वाचणाऱ्याच्या गळी उतरतो आणि त्याला ते कळतही नाही.

शाळेत उभयान्वयी अव्यय म्हणजे 'दोन शब्द किंवा वाक्यं जोडणारा शब्द' असं शिकवतात. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक ही नावं पाठ करायची, एक मार्क घ्यायचा, संपलं. पण नुसती जोडायला वाक्यं शेजारी ठेवली तरी पुरतं. हे शब्द त्या दोन वाक्यांचं नातं काय ते सांगतात, आणि ते सांगणं हे वेगळं, तिसरं विधान असतं.

हे बघा: 'वीज गेली. त्याने पुस्तक मिटलं.' आता मध्ये एकेक शब्द घाला. 'वीज गेली म्हणून त्याने पुस्तक मिटलं', सरळ हिशेब, दिसेनासं झालं. 'वीज गेली आणि त्याने पुस्तक मिटलं', यात आधी-नंतर नक्की आहे, कारण बहुधा आहे, पण बोलणारा त्याची हमी घेत नाही. 'वीज गेली, शिवाय त्याने पुस्तक मिटलं', इथे कुणीतरी तक्रारी मोजत बसलंय. आणि 'वीज गेली तरी त्याने पुस्तक मिटलं'? इथे वाचणारा अडखळतो. मग स्वतःच गोष्ट रचतो: एरवी वीज गेली, टीव्ही बंद पडला की हा नाइलाजाने वाचत बसत असेल, आज तेही केलं नाही. घटना त्याच दोन. एका 'तरी'ने त्या माणसाला अख्खा स्वभाव दिला.

तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं की खरं-खोटं ठरवण्यापुरतं पाहिलं तर 'आणि' आणि 'पण' यांत फरक नाही. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की वाक्य खरं. खरी गोम इथेच आहे. 'ती गृहिणी आहे, पण हुशार आहे.' ती गृहिणी आहे, हे खरं. हुशार आहे, हेही खरं. मग राग कशाचा येतो? गृहिणी सहसा हुशार नसतात हे या वाक्यातला दुसरा एकही शब्द म्हणत नाही, 'पण' म्हणतो. आणि त्याला खोडायचं कसं? 'हे खोटंय' म्हणालात तर समोरचा विचारणार, काय खोटंय, ती हुशार नाही का? म्हणून पूर्वग्रहाला लपायला 'पण'सारखी दुसरी जागा नाही.

मराठीतली मला सगळ्यात आवडणारी बारीक गोष्ट 'म्हणून' आणि 'म्हणजे' यांच्यातली आहे. खिडकीत दिवा दिसतोय. 'दिवा चालू आहे, म्हणजे तो घरी आहे' हे ठीक. 'दिवा चालू आहे, म्हणून तो घरी आहे' म्हणालात तर अर्थ होतो की दिव्यामुळे तो घरी थांबलाय! 'म्हणून' घटनेचं कारण सांगतो, 'म्हणजे' मी हे कशावरून ओळखलं ते सांगतो. गंमत अशी की वाक्य उलटं केलं तर 'कारण' दोन्हीकडे चालतो: 'त्याने पुस्तक मिटलं, कारण वीज गेली' आणि 'तो घरी असणार, कारण दिवा चालू आहे.' तिथे फरक बुजतो. आणि निम्मे वाद तिथेच जन्माला येतात, कारण एक जण पुरावा सांगत असतो आणि दुसऱ्याला वाटतं हा कारण सांगतोय.

(वर्तमानपत्रांतल्या 'मात्र'बद्दल बोलायला लागलो तर रात्र होईल. 'बाकीचे गेले, तो मात्र थांबला' हे त्याचं घर. त्याला तिथून उचलून प्रत्येक दुसऱ्या वाक्याच्या तोंडाशी कुणी नेऊन बसवलं कोण जाणे. असो.)

निबंधाच्या क्लासात सांगतात, 'त्यामुळे, तसेच, त्याचबरोबर वापरा, लेखन ओघवतं होतं.' होतं की, कारण नसलेलं नातं असल्यासारखं दिसतं! संशोधक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये शाळकरी मुलांना एकच माहिती कमी-जास्त सुसंगत करून वाचायला दिली. सुसंगतता वाढवताना वाक्यांमधले दुवे उघड केलेले होते. विषयाची फारशी माहिती नसलेल्या मुलांना त्या मजकुराचा फायदा झाला. आधीच माहीत असलेल्यांना मात्र (इथे बरोबर बसलाय) खोल समज तपासणाऱ्या प्रश्नांत तुटक मजकूरच जास्त उपयोगी पडला, कारण दुवे त्यांना स्वतः शोधावे लागले. म्हणजे किती जोडशब्द घालायचे हे समोर कोण वाचतंय त्यावर ठरतं. 'ओघवतं' हे काही उत्तर नाही.

दुवे गाळणं तर आपण सर्रास करतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने वॉल स्ट्रीट जर्नलमधल्या बातम्यांचा संग्रह घेऊन वाक्यांमधली नाती नोंदवली. 2008 च्या आवृत्तीत जोडशब्दाने उघड सांगितलेली नाती 18,459 आहेत आणि जोडशब्द नसताना वाचणाऱ्याने ओळखायची 16,053. जवळजवळ निम्म्याला निम्मी! अशा जागी नोंद करणाऱ्यांनी इथे कोणता शब्द बसला असता ते स्वतः भरलं.

हेच भरणं आपल्याकडून रोज करून घेतलं जातं. 'अमुक साहेब मंत्री झाले. पुढच्या महिन्यात चौकशी थांबली.' मधला 'म्हणून' तुम्ही घातलात, लिहिणारा मोकळा. जाब विचारायला गेलात तर म्हणेल, मी फक्त दोन घटना सांगितल्या, तारखा तपासून घ्या. तारखा बरोबरच निघतात. त्यामुळे असा फॉरवर्ड आला की मी पाठवणाऱ्याला एकच विचारतो: या दोन वाक्यांच्या मध्ये कुठला शब्द आहे, तेवढा लिहून पाठव. बहुतेक जण 'अरे, सहज पाठवलं होतं' म्हणतात. एकाने मात्र 'म्हणून' असं लिहून पाठवलं, आणि मग आम्ही तासभर नीट भांडलो.