इलिनॉयने वीस महिने करून पाहिलेली गोष्ट

तुळशीचं लग्न लागलं की नाशिककडच्या नातेवाइकांच्या आणि समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मागणी हमखास फिरू लागते. वधू-वर मेळाव्याच्या अर्जात रक्तगटाशेजारी ‘एचआयव्ही रिपोर्ट’ असा रकाना हवा, आणि सरकारने लग्नाआधीची ही चाचणी कायद्यानेच सक्तीची करावी. 2025 मध्ये मेघालयच्या आरोग्यमंत्र्यांनी अशा कायद्याचा विचार चालू असल्याचं सांगितलं, तेव्हापासून तर ‘बघा, तिकडे होतंय’ असं म्हणायला आधारच मिळाला. इथवर मी समजू शकतो. लेक परक्या घरी द्यायची तर बापाला काळजी असणारच. पण त्या मजकुराच्या शेवटी एक ओळ असते आणि ती वाचली की माझं डोकं फिरतं: ‘अमेरिकेत हे केव्हापासून आहे.’

नाही. मी अमेरिकेत, शिकागो ज्यात येतं त्या इलिनॉय राज्यात राहतो. शिकागोच्या कुक काउंटीच्या क्लार्ककडे, म्हणजे नोंदणी कार्यालयात, आज लग्नाचं लायसन्स काढायला जा. ओळखपत्र दाखवायचं, 60 डॉलर भरायचे, दुसऱ्या दिवसापासून लग्नाला मोकळे. रक्ताचा थेंबही कुणी मागत नाही. एके काळी मात्र मागत होते, आणि ती हकीकत नाशिकला कुणी सांगत नाही म्हणून हा लेख.

1 जानेवारी 1988 पासून इलिनॉयमध्ये लग्नाच्या लायसन्ससाठी एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. पहिल्या सहा महिन्यांत 70,846 अर्जदारांच्या चाचण्या झाल्या. त्यात पॉझिटिव्ह निघाले 8. खर्च अंदाजे 25 लाख डॉलर, म्हणजे एक माणूस सापडायला तीन लाख डॉलरहून जास्त. त्याच काळात राज्यातली लग्नाची लायसन्सं 22.5 टक्क्यांनी घटली आणि शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न लावणारे इलिनॉयवासी वाढले. ही आकडेवारी 1989 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात कायदा रद्द झाला. जेमतेम वीस महिने टिकला. लुइझियानातही असाच कायदा आला होता, तोही गेला.

यावर ग्रुपवर उत्तर येतं की तिकडे आजार कमी, आपल्याकडे जास्त, म्हणून आपल्याकडे उपयोग होईल. मग हिशोब करू. भारतात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे. नाशिक जिल्ह्यातली 5,000 लग्नं घ्या, म्हणजे 10,000 माणसं. त्यात खरे बाधित साधारण 20. आता चाचणी अगदी चांगली धरू, 99.5 टक्के अचूक, म्हणजे निरोगी हजार जणांत फक्त पाच जणांना ती चुकून ‘रिअॅक्टिव्ह’, म्हणजे बाधित असण्याचा संशय, म्हणेल. उरलेल्या 9,980 निरोगी माणसांत असे 50 निघतील. एकूण 70 रिअॅक्टिव्ह, त्यातले 50 निरोगी. चाचणी वाईट नाही. ज्या गटात आजार विरळ असतो त्या गटात चांगल्या चाचणीचंही असंच होतं. नवरा-नवरीचा गट हा असा विरळ गट आहे.

म्हणूनच सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, लक्षणं नसलेल्या माणसाला एका किटवर पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. पहिलं किट रिअॅक्टिव्ह आलं तर दुसरं, मग तिसरं. तिन्ही वेगवेगळ्या प्रतिजनांची, म्हणजे विषाणूच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर बेतलेली, किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणारी. त्या 50 पैकी जवळजवळ सगळे दुसऱ्या किटलाच गळतात. एकाच कंपनीचं तेच किट तीनदा वापरलं तर तीच चूक तीनदा येते, हे टेक्निशियनला माहीत असतं, अर्ज भरून घेणाऱ्या मंडळाला नसतं.

लग्नाच्या घाईत सिव्हिलला कोण जातं? कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये बोट टोचायचं, कार्डावर एक थेंब, वर बफरचे थेंब, आणि थांबायचं. चुका इथेच होतात. बफर कमी पडला तर रक्त पट्टीवर पुढे सरकत नाही आणि मागची पट्टी लालसर राहते. कार्ड ठरलेल्या वेळेनंतर वाचलं, समजा टेक्निशियन जेवून येऊन बघतो, तर पट्टी वाळताना फिकट रेघ उमटू शकते. किटच्या खोक्यावर साठवणीचं तापमान छापलेलं असतं, कित्येक किटांना कमाल मर्यादा 30 अंश. मे महिन्यात पंखाही नसलेल्या माडीवर ते खोकं ठेवलं तर काय होणार? चाचणी नीट चालल्याची खूण असलेली कंट्रोलची रेघ आलीच नाही तर चाचणी बाद, ‘निगेटिव्ह’ नव्हे. गरोदरपण, नुकतीच घेतलेली लस, स्वतःच्याच पेशींवर उलटणारे काही आजार, यांनीही खोटी रिअॅक्टिव्ह येऊ शकते. आणि तो कागद कुणाच्या हातात पडतो? मुलीच्या नाही. तिच्या बापाच्या, मामाच्या, मध्यस्थाच्या. सुपारी फुटलेली, बस्ता बांधलेला, लॉन्सचा अॅडव्हान्स दिलेला. दुसरं किट लावेपर्यंत बातमी सिन्नरपर्यंत पोचलेली असते, आणि ती परत आणणारं किट अजून निघालेलं नाही.

उलट बाजूचा धोका याहून मोठा. रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली द्रव्यं, शोधणाऱ्या रॅपिड चाचणीला संसर्ग दिसायला 23 ते 90 दिवस लागतात. शिरेतलं रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेल्या चौथ्या पिढीच्या, म्हणजे प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा तुकडाही शोधणाऱ्या, चाचणीला 18 ते 45. याला विंडो पिरियड म्हणतात. साखरपुड्याच्या आठवड्यातला निगेटिव्ह कागद हा तीन महिन्यांपूर्वीच्या आयुष्याचा दाखला असतो. लग्नानंतरच्या तीस वर्षांबद्दल तो काहीच सांगत नाही.

आणि बायका बाधित होतात त्या या तीस वर्षांत. हे कळायला शिकागोचा अभ्यास लागत नाही, पुणे पुरे. भोसरीची ‘नारी’, म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, 1992 मध्ये सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी 1993 ते 1996 या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या 916 स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या 391 जणींनी कधी देहविक्रय केलेला नव्हता. बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण 13.6 टक्के निघालं. 1997 मध्ये तो निबंध छापून आला, तोही त्याच अमेरिकन नियतकालिकात, आणि पतिव्रता बाईला हा आजार होत नाही या समजुतीला त्याने कायमचा धक्का दिला. गुप्तरोग दवाखान्यात आलेल्या बायकांचा हा आकडा सगळ्या बायकांना लावता येत नाही, हे खरं. पण संसर्ग कुठल्या वाटेने आला, हे त्याने स्वच्छ दाखवलं. या बायकांना लग्नाआधीच्या चाचणीने वाचवलं असतं का? नवरा लग्नाच्या दिवशी निगेटिव्ह असेल तर मुळीच नाही.

नाशिकचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबई-आग्रा रस्ता शहराच्या पोटातून जातो, आडगावला ट्रक टर्मिनस आहे. लासलगाव-पिंपळगावचा कांदा-टोमॅटो घेऊन ड्रायव्हर आठवडेच्या आठवडे घराबाहेर. छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांत येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या, सातपूर-अंबडच्या खोल्यांत एकटे राहणारे कामगार, आणि आता सिंहस्थाच्या बांधकामांवर परराज्यांतून आलेली माणसं. यांतले कितीतरी जण लग्न झालेलेच आहेत. तुमची सक्ती त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ट्रक टर्मिनसवर संध्याकाळी उघडा असणारा दवाखाना पोचतो. निरोध पोचतो. गुप्तरोगावर वेळेत दिलेली औषधं पोचतात, कारण जखम असली की विषाणूला शिरायला वाट सोपी होते.

लग्नाच्या निमित्ताने चाचणी करूच नका, असं मी म्हणत नाही. दोघांनी मिळून, स्वतःहून, आयसीटीसीत जावं. फुकट आहे. आधी समुपदेशन, मग संमती, मग चाचणी, आणि निकाल ज्याचा त्याला. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्याच्या पाचव्या कलमात संमती आहे आणि आठव्यात गोपनीयता. कोर्टाचा आदेश सोडला तर कुणालाही आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. मेळाव्याच्या अर्जातला तो रकाना या कलमाशी कसा जुळवणार, हे मंडळांनी एखाद्या वकिलाला विचारावं. जोडीदाराला वाऱ्यावर सोडलं, असंही नाही. बाधित व्यक्तीने संसर्ग टाळण्याची काळजी घ्यावी, हे दहाव्या कलमात आहे. जोडीदाराला धोका दिसत असेल आणि माणूस स्वतः सांगत नसेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाने कसं सांगावं, याची रीत नवव्यात आहे.

त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे गरोदरपण. पहिल्या तपासणीत बाईची चाचणी होते, नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो. त्याला आत आणा. आई बाधित असेल तर तिच्या गोळ्या लगेच सुरू, जन्मल्यावर बाळाला किमान सहा आठवडे औषध, सहाव्या आठवड्याला टाचेच्या रक्ताचे ठिपके कागदावर घेऊन पहिली तपासणी, आणि पक्का निकाल अठराव्या महिन्याला, कारण तोवर आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात राहू शकतात. ही साखळी तुटते ती बहुधा बाई बाळंतपणाला माहेरी गेली की. दिंडोरीची नोंद जळगावला पोचत नाही. सक्तीच्या कायद्यासाठी जेवढा आरडाओरडा होतो त्याच्या दहाव्या हिश्शाने या नोंदीसाठी झाला असता तर!

आणि चाचणी पॉझिटिव्ह आलीच तर लग्न मोडायचं, हे कुणी ठरवलं? एचपीटीएन 052 या अभ्यासात नऊ देशांतली 1,763 जोडपी होती, एक बाधित, एक नाही. पुणे आणि चेन्नईचीही त्यात होती. 2011 मध्ये निकाल आला: उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो. पुढे युरोपातल्या पार्टनर अभ्यासांत, रक्तातला विषाणू दाबून ठेवलेल्या जोडीदाराकडून एकही संसर्ग आढळला नाही. आज एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रावर, डोल्युटेग्राव्हिर, लॅमिव्हुडिन, टेनोफोव्हिर मिळून रोजची एक गोळी फुकट मिळते. गोळी चुकवायची नाही आणि वर्षातून एकदा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू किती आहे याची तपासणी, करून घ्यायचा. विचारायचंच असेल तर हा आकडा विचारा. ‘पॉझिटिव्ह की निगेटिव्ह’ हा 1988 चा प्रश्न आहे.

तिकडे बसून शिकवू नका, असं मला ऐकावं लागणार. बरोबर आहे. शिकागोच्या साउथ साइडला जाऊन पाहिलं तर इथल्या शहाणपणाची मर्यादा दिसते. कृष्णवर्णीय लोक देशात आठात एक, पण नव्या निदानांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त. इथे या गोळ्यांची छापील किंमत महिन्याला हजारो डॉलर, आणि 2001 मध्ये वर्षभराचं औषध 350 डॉलरला देऊ करून जगाला हलवलं ते मुंबईच्या सिप्लाने. त्या बाबतीत मी इथे मान वर करून बोलतो. तरी इलिनॉयने एक गोष्ट केली: 1989 मध्ये चूक मान्य केली, आणि 2021 मध्ये एचआयव्ही पसरवण्याला गुन्हा ठरवणारा जुना कायदाही रद्द केला.

सक्तीची चाचणी वाईट, असं इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही मोठ्या आवाजात बोलतो. पण 1987 पासून 4 जानेवारी 2010 पर्यंत एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत प्रवेशबंदी होती, आणि ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्या पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाची चाचणी होत असे. या बंदीमुळे 1992 ची जागतिक एड्स परिषद बॉस्टनहून अॅमस्टरडॅमला हलवावी लागली. जगभरचे संशोधक भांडत होते. आम्ही, 2010 च्या आधी अर्ज केलेले नाशिक-पुणे-ठाण्याचे सगळे, सिव्हिल सर्जनपुढे, म्हणजे इमिग्रेशनने नेमलेल्या इथल्या डॉक्टरपुढे, बाही वर करून बसलो, बंद पाकीट घेतलं आणि अर्जाला जोडलं. संमती कुणी विचारली नाही, समुपदेशन झालं नाही, आणि आमच्यातल्या एकानेही त्याबद्दल चार ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही. मीही लिहिल्या नाहीत. इथले व्हायचं होतं, आणि त्यासाठी रक्त द्यायचं तर तेही द्यायची तयारी होती. नाशिकचा तो बाप लेकीसाठी मागतो तसाच कागद आम्ही आमच्यासाठी दिला. ज्यांच्या पाकिटात वेगळं उत्तर निघालं ते परत गेले असतील किंवा लपून राहिले असतील. आमच्या मंडळाच्या यादीत ते नाहीत, आणि त्यांची चौकशी आम्ही आजवर केलेली नाही.